पंपघरातलं शीड

१

"काढणार म्हणजे काढणार. मी बांधलंय, मीच काढणार. मला कुणाची परवानगी लागत नाही."

"न्हाई काढायचं."

"अगं पण का?"

"न्हाई म्हनले ना आक्का. ऱ्हाऊ दे तिथंच."

"तुला काय कळतं गं शिडातलं? परवापर्यंत तुला शीड आणि ताडपत्री यातला फरक माहीत नव्हता!"

"तूच शिकवलास की."

सकाळपासून आमचं हे चाललं होतं. भाकरी झाल्या होत्या, दोघींनीही मोडली नव्हती. मी विळा फडक्यात गुंडाळून पिशवीत घातला होता, पंपघराची किल्ली कमरेला खोचली होती, आणि माझी धाकटी बहीण भीमा दाराच्या उंबऱ्यात आडवी बसली होती. पुढ्यात सूप, सुपात तांदूळ. बोटं तांदळात फिरत होती, पण खडा एकही बाहेर पडत नव्हता. आणि माझ्या प्रत्येक बोलण्यावर ती आधी गप्प राहायची, मग उत्तर द्यायची.

भीमा जन्मात मला उलट बोललेली नाही. बापाला बोलली नाही, नवऱ्याला नाही, श्रीगोंद्याच्या सासूला तर नाहीच नाही. आणि आज एका जुन्या कापडासाठी माझी वाट अडवून बसली होती.

मी भांडणाला भीत नाही. भांडत भांडतच इथवर आले. पण त्या सकाळी माझा आवाज चढला होता तो रागानं नव्हे, हे माझं मला कळत होतं.

२

आधी मी कोण ते सांगते, म्हणजे पुढचं वाचून कुणी मला भोळी म्हणायला नको.

माझी शाळा चौथीत सुटली. सोनईला मी रद्दीचं दुकान चालवलं, सगळी उमेद त्यात घातली. किलोवर आलेलं पुस्तक आधी मी वाचायचे, मग पुड्या बांधणाऱ्याला द्यायचे. इंग्रजी डिक्शनरी उशाशी घेऊन शिकले. एकदा बोटीवरच्या कुणा मेलेल्या साहेबाची पेटी आली, सगळी जहाजांची पुस्तकं. ती मी विकली नाहीत. गुराब कसली, गलबत कसलं, शिडात वारा कसा धरतात, कुठली गाठ कुठं मारतात, सगळं मला येतं. समुद्र मी पाहिलेला नाही. त्याची मला लाजही नाही. पंचांग करणारे काय चंद्रावर जाऊन येतात?

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. अंगात आणणाऱ्या बायांना मी दुकानाच्या पायरीवरून हाकलून दिलेलं आहे.

म्हातारपणी दुकान विकलं आणि जायकवाडी धरणामागं साचलेल्या पाण्याच्या, म्हणजे फुगवट्याच्या काठी, या गावात, दोन खोल्या घेतल्या. भीमाचा नवरा वारला तेव्हा तिला श्रीगोंद्याहून इकडं आणलं. तिचा सगळा जन्म उसाच्या पाटात आणि चुलीपुढं गेलेला. नगर पाहिलं तेही दवाखान्यापुरतं. इथं आली आणि दिवसभर भिंतीकडं बघत बसायला लागली. मला ते बघवायचं नाही.

गावात रविराज आहे. व्यापारी जहाजावर नोकरी करून परत आलेला, पंचेचाळिशीचा गडी. त्यानं फुगवट्यावर शिडाच्या चार होड्या आणल्या आणि बोट क्लब काढला. गाव हसलं. मी हसले नाही. दिवाळीनंतर त्यानं व्याख्यानमाला ठरवली, महिन्यातल्या एका रविवारी दुपारी, विषय नौकानयन आणि सागरी इतिहास. घरी येऊन म्हणाला, "मनकर्णामावशी, एक व्याख्यान तुमचं."

मी म्हणाले, "एकच?"

३

जागा म्हणजे बंद पडलेल्या उपसा योजनेचं पंपघर. लांबट, अरुंद, वर पत्रा. एका टोकाला दार, दोन्ही भिंतींना उंचावर बारक्या खिडक्या. मोटारी केव्हाच उचलून नेलेल्या, फरशीत त्यांच्या बोल्टांची आणि पाइपांची भोकं तेवढी राहिलेली. पडदा नव्हता, म्हणून रविराजनं होडीचं एक जुनं शीड खिळ्यांना टांगलं आणि त्यावर प्रोजेक्टर मारून बघितला. चुण्यांमध्ये सापडून नकाशातली रत्नागिरी मालवणच्या पोटात गेली होती.

"हे काय, लुगडं वाळत घातलंयस का?" मी म्हणाले. "शीड आहे ते. शिडासारखं बांध."

"मावशी, पडदाच तर हाय."

"हो बाजूला."

मोडीत काढलेली डोलकाठी आणवली. मोटारीच्या जागी, फरशीतल्या पाइपाच्या भोकात उभी केली, पाचरी ठोकल्या. आडवी काठी लावली, शीड चढवलं, खालचा दोर ताणून भिंतीतल्या कडीला पक्का केला. चुणी म्हणून राहिली नाही. रविराज डोक्याला हात लावून बघत राहिला, आणि मला अभिमान वाटला. का वाटू नये?

नवी होडी पाण्यात घालताना तिची ओटी भरतात. आमच्याकडं ट्रॅक्टर आणला तरी हळदकुंकू होतं. डोलकाठी उभी राहिलेली पाहून रविराजची आई ताट घेऊनच आली. "समदं होडीवानी केलंय, तर एवढं कशाला ठिवायचं?"

मी म्हणाले, "ओटी भीमा भरेल."

बाया कुजबुजल्या. विधवा बाई, अशी कशी भरेल.

"विधवा आहे, लुळी नाही," मी म्हणाले. "हात चालतात तिचे."

भीमानं डोलकाठीच्या बुडाशी तांदूळ घातले, खण-नारळ ठेवला, डोकं टेकलं. उठली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आम्ही दोघी परकरात असताना शेवटचं पाहिलं होतं. मला फार बरं वाटलं.

४

पहिलं व्याख्यान दीपस्तंभांवर होतं. अलिबागकडचे एक निवृत्त मास्तर आले होते, आवाज बारीक, म्हणून पंखे बंद ठेवले. भीमाला मी पहिल्या रांगेत बसवलं.

थोड्या वेळानं मास्तरांच्या दीपस्तंभाला पोट आलं. शीड फुगलं होतं. फार नाही, फुंकर घातल्यासारखं. लोक हसले, मास्तरही हसले. पत्र्याखाली फट आहे, वारा येत असेल, असं कुणीतरी म्हणालं.

मी हसले नाही. फटीतून वारा आला तर शीड फडफडतं. काठाला बांधलेल्या होडीचंही फडफडतं. चालत्या होडीचं शीड मात्र गप्प असतं. भरतं आणि गप्प राहतं. हे पुस्तकातलं पहिलं पान आहे. पंपघरातलं शीड चित्रं संपेपर्यंत गप्प होतं.

दुसऱ्या दिवशी जाऊन मी त्या फटीत गोणपाट कोंबलं. कोंबताना गालाशी वारा लागतोय का बघितलं. लागला नाही. म्हटलं, आज वारा पडलाय.

घरी भीमा बोलत होती. जेवताना बोलत होती, भांडी घासताना बोलत होती. "दिव्याला रातभर माणूस जागा लागायचा न्हाई का गं? त्याला करमत आसंल?" मी तिला रात्री होड्यांची चित्रं दाखवली. ती एकेका दोराचं नाव विचारायची. मग शिडाचं काय मनावर घेऊ? बहीण बोलायला लागली होती.

५

दुसऱ्या व्याख्यानाला शीड चांगलंच भरलं. गोणपाट जागच्या जागी होतं. वक्ते बंदरांवर बोलत होते आणि प्लास्टिकच्या खुर्च्या हळूहळू डाव्या भिंतीकडं सरकत होत्या. बसलेल्यांना कळत नव्हतं. सगळे किंचित उजवीकडं कलून बसले होते, एसटी वळणावर असली की बसतो तसे. फरशीला उतार असेल. पंपघरात पाणी निघून जायला उतार ठेवतातच.

मग मध्येच शीड एकदा सैल पडलं, आणि दुसऱ्या अंगानं भरलं. खुर्च्या उजवीकडं यायला लागल्या. लोक डावीकडं कलले.

फरशीचा उतार असा बदलत नाही. होडी वाऱ्यासमोर वळली की असं होतं. मी उठले नाही. हात मांडीखाली दाबून बसून राहिले. सगळ्या घोळक्यात एकटी भीमा खुशीत होती, मान वर, डोळे शिडावर.

व्याख्यान संपलं तरी रविराजनं दार उघडलं नाही. स्टूल ओढून खिडकीशी चढला आणि बाहेर बघितलं. मग उतरून कडी काढली. लोक बाहेर पडताना पायानं पायरी चाचपत होते, एकमेकांचे खांदे धरत होते. एक म्हातारा म्हणाला, "बोट लागली बाबा मला." पुन्हा सगळे हसले.

"काय बघत होतास रे?" मी रविराजला विचारलं.

"काय न्हाई मावशी. जहाजावरची सवय."

त्या दिवसापासून भीमा घरात भिंत धरून चालायला लागली. सपाट जमिनीवर तिचा तोल जायचा. सांजच्याला अंगणात येऊन बसायची आणि विचारायची, "पुढचा रविवार कवा?"

६

तिसरं व्याख्यान माझं. शिमगा होऊन गेला होता. फुगवटा पार मागं सरलेला, पंपघरापासून पाण्यापर्यंत नुसता भेगाळलेला गाळ, त्यावर कुत्री झोपलेली. जाताना मी डोळ्यांनी पाहिलं आहे हे.

आरमारावर बोलायचं होतं. मला कागद लागत नाही. मी शिडाकडं पाठ करून उभी राहिले आणि बोलायला लागले. गुराबेच्या तोफांपर्यंत आले आणि मला ऐकू आलं.

पाणी. भिंतीला बाहेरून थापा मारत होतं. थाप माझ्या पाठीमागं, शिडाच्या टोकाला उठायची आणि भिंतीकडेनं घसरत दाराकडं जायची. मग पुढची. फरशीखाली जॅकवेल आहे, पंपाची विहीर, तिच्यात साचलं असेल. पण विहिरीतलं पाणी असं एका टोकाकडून दुसरीकडं जात नाही. मी बोलत राहिले. समोर सगळे बसले होते आणि एकाचाही डोळा माझ्यावर नव्हता. माझ्या खांद्यावरून पलीकडं बघत होते, पुढं काय येतंय ते बघावं तसे. मी मध्येच एक वाक्य मुद्दाम चुकीचं बोलले. कुणी हललं नाही.

मी भाषण आवरतं घेतलं. रविराज स्टुलावर चढला. खिडकीतून बघितलं. उतरला नाही. लोक उभे राहिले, पदरांनी वारा घ्यायला लागले, आत उकाडा मरणाचा. तो बघतच राहिला.

"अरे दार उघड."

"मावशी, जरा थांबा."

"काय थांबा? माणसं गुदमरलीत."

"जरा. अजून..."

थांब म्हटल्यावर मी कुणासाठी थांबलेली नाही. मी लोकांतून वाट काढली आणि कडी सरकवली.

बाहेर ऊन होतं. बाभळी होत्या, मोटारसायकली होत्या, गाळावर कुत्री होती. सगळं जागेवर. पायरीसुद्धा. फक्त पाय टेकायला थोडा उशीर लागला.

लोक भराभरा निघून गेले. भीमा खुर्चीतच. मी परत आत गेले, तिचं मनगट धरलं.

"चल."

"आक्का, दम धर गं. अजून लांब हाय."

"काय लांब आहे? चल म्हणते ना!"

मी ओढली. ती आली. दारातून बाहेर येताना माझ्या हातातलं तिचं वजन एकदम गेलं, विहिरीतून ओढताना पोहरा सुटावा आणि दोर मोकळाच वर यावा तसं. मी वळून बघितलं. भीमा होती. पदर सावरत होती.

रविराज दारात उभा होता. त्यानं माझ्या हाताकडं बघितलं, भीमाकडं बघितलं, मग मान वळवून आत खुर्च्यांकडं. आणि घाईघाईनं दार बाहेरून लावून टाकलं.

७

भीमाचा तोल जायचा थांबला. भिंत धरायची गरज उरली नाही. मी म्हटलं, झालं, बरी झाली.

मग एके दिवशी मी हाक मारली, "भीमा, दूध उतू जातंय." ती चुलीसमोरच बसली होती. दूध उतू गेलं, निखारे विझले, वास सुटला, आणि मग ती म्हणाली, "बगते गं."

आधी वाटलं, कान गेले. सोनईच्या डॉक्टरकडं नेलं. त्यानं कानात बघितलं, यंत्र लावलं, म्हणाला कान तुमच्यापेक्षा चांगलेत. खरंच होतं. तिला ऐकू सगळं यायचं. उत्तरही बरोबर यायचं. फक्त यायला वेळ लागायचा, आणि तो रोज थोडा वाढत होता.

जेवायची थोडंच. पाटावर बसली की दोन्ही हातांनी पाटाच्या कडा धरायची. "काय झालं?" विचारलं की, बऱ्याच वेळानं, "काय न्हाई. वारं हाय."

एका दुपारी तिला घरात निजलेली ठेवून मी एकटी पंपघराकडं गेले. मला माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं की रिकामी खोली रिकामी आहे. दाराला कुलूप. रंगाचं एक रिकामं पिंप भिंतीशी होतं, ते उपडं केलं आणि या वयात त्यावर चढले. खिडकीची काच धुळीनं माखलेली. पदरानं पुसली.

शीड टम्म भरलं होतं.

खुर्च्या रिकाम्या. पहिल्या रांगेत एक पाठ. बदामी लुगडं, काठ विरलेले, मानेवर बारकासा अंबाडा. दोन्ही हातांनी खुर्चीच्या कडा धरलेल्या. ती पाठ हळूहळू एकीकडं जात होती आणि परत येत होती.

"भीमा!" मी ओरडले.

मान वळायला लागली. फार सावकाश. ती पुरी वळायच्या आत मी पिंपावरून खाली आले. पळाले म्हणा. खोटं लिहायला मी शिकलेले नाही.

घरी आले. भीमा उठून बसली होती, बदामी लुगड्यात, केस विंचरत. मी दाराशी उभी राहून दम खात होते, तोंडातून शब्द काढला नव्हता. तिनं फणी खाली ठेवली.

"ओ," ती म्हणाली. "हाक मारलीस व्हय, आक्का?"

८

रविराजकडं किल्ली मागायला गेले तेव्हा त्यानं कशाला म्हणून विचारलं नाही. शेवटचं व्याख्यान त्यानं आधीच रद्द केलं होतं.

"काढाच मावशी ते," तो म्हणाला. "मी धजत न्हाई."

"तुला त्या दिवशी खिडकीतून काय दिसलं?"

"मी निम्मं आयुष्य जहाजावर काढलंय. किनारा दिसत न्हाई म्हनून मी भीत न्हाई." त्यानं किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि हात लगेच मागं घेतला. "पर मावशी, ते पानी आपल्याकडचं न्हाई."

९

आणि म्हणून विळा, आणि म्हणून ते भांडण.

"ऐक," मी तिच्यासमोर खाली बसले. गुडघे बोलले, बोलू दिले. "मी तुझ्याहून थोरली आहे. तुला इथं मी आणली. त्या खोलीत मी बसवली. माझं ऐकशील का नाही?"

तिची बोटं तांदळात फिरत राहिली. मी थांबले. जन्मात कुणासाठी थांबले नव्हते, त्या सकाळी थांबायचं शिकले.

"ऐकते की," ती म्हणाली.

"मग सरक. दोर तोडायचा, कापड खाली घ्यायचं, चुलीत घालायचं. संपलं. वारा धरायला काही राहिलं नाही की कुठलीही होडी जागच्या जागी उभी राहते. तुला कळतंय का मी काय म्हणते? थांबेल ते सगळं."

गल्लीतून दुधाची गाडी आली, कॅन वाजले, गाडी गेली. शेजारच्या कोंबड्या अंगणात येऊन परत गेल्या. भीमा माझ्याकडं बघत होती, पण तिची नजर माझ्यापर्यंत येत नव्हती, मध्ये कुठंतरी राहत होती.

"व्हय," ती म्हणाली. "थांबंल."

"तेच तर हवंय मला! तुला नकोय? असं आयुष्यभर बसून राहायचंय का तुला?" मी तिचा हात धरला. हलका होता, आणि गार, आणि तळव्याला काहीतरी घट्ट धरून बसल्यावर उठतात तसे वळ होते. "अगं बोल ना. भीमे. का नको काढू, एवढं सांग. एक कारण सांग, मी विळा परत ठेवते."

मी वाट बघितली. ऊन उंबऱ्यावरून तिच्या पायांवर आलं, पायांवरून सुपावर. किल्ली कमरेला टोचत होती. मला वाटलं, ऐकलंच नाही तिनं, आता नाही येत उत्तर, आता उठावं आणि तिला ओलांडून जावं. मी उठलेही. एक पाय उंबऱ्यापलीकडं टाकला होता तेव्हा ते आलं, खालून, सुपाजवळून, आणि फार लांबून.

"शीड काढलंस तर मी माघारी कशी येऊ गं, आक्का?"